समुद्राला अंघोळ

ठाण्याला समुद्र नाही, खाडी आहे. आणि ओहोटीच्या वेळी ती डोळ्यांच्या आधी नाकाला दिसते. तरीही आमच्या साडूंनी चौदाव्या मजल्यावर, दिवाणखान्यात, टीव्हीच्या जागी समुद्र आणला. टीव्ही आता बेडरूममध्ये असतो. समुद्र चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच आणि साधारण सव्वातीनशे लिटरचा आहे. भरती-ओहोटी नाही, पण लाटा आहेत. त्या मोबाइलवरून कमी-जास्त करता येतात.

साडू हे नातं मोठं नाजूक. दोघंही एकाच सासऱ्याच्या कसोटीला उतरलेले. त्यामुळे जास्त कोण उतरला याचा हिशेब जन्मभर चालतो. त्यांनी गाडी बदलली की मला आमच्या गाडीचे फायदे आठवायला लागतात. पण समुद्राला उत्तर नाही. शेजारच्याने वाडा बांधला तर आपण माडी चढवावी. त्याने समुद्रच बांधला तर काय करावं?

समुद्र करायची कृती अशी. सोसायटीत टँकर येतो. ते पाणी आरओतून काढायचं, म्हणजे एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं आणि मेहुणी त्याने फरशी पुसते. मग ते पाणी रेझिनच्या नळकांड्यातून काढून उरलेसुरले क्षारही घालवायचे. पाण्यात काही म्हणजे काहीच राहिलं नाही, अशी मीटरने ग्वाही दिली की परदेशी पिशवी फोडून लिटरमागे पस्तीसेक ग्रॅम मीठ घालायचं. सव्वातीनशे लिटरला अकरा-बारा किलो. अरबी समुद्र तिथून गाडीने तासाभरावर आहे आणि त्यावर जीएसटी नाही. पण त्या पाण्यात काय काय असतं ते सांगता येत नाही, असं साडूंचं म्हणणं. त्यांच्या पाण्यात काय आहे ते पिशवीवर छापलेलं आहे.

पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायला चिलर लागतो. चिलर पाण्यातली उष्णता काढून दिवाणखान्यात सोडतो. ती घालवायला एसी लागतो. अशा रीतीने कुटुंबाला एसी मिळाला, तो माशांच्या पुण्याईने.

मासे मात्र लगेच सोडता येत नाहीत. नव्या टँकमध्ये थेट सोडले तर ते आपल्याच मुताने मरतात. मासा अमोनिया सोडतो, अमोनिया विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते माशाला बरंच सोसवतं. हे दोन्ही प्रकारचे जिवाणू दगडांवर आणि वाळूवर वस्ती करतात, आणि ती वस्ती नीट वसायला महिना-दीड महिना जातो. तोवर दिवाणखान्यात रिकामं पाणी आणि दगड बघत बसायचं. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी जिवाणू बाटलीत विकत मिळतात. साडूंना घाई होती. दारात डिलिव्हरीवाल्याने खोकं दिलं तेव्हा साडूंच्या आईंनी विचारलं, "काय हा?" "जंतू," साडू म्हणाले. आई मालवणच्या. करोनाच्या दिवसांत दुधाच्या पिशव्या धुण्यात त्यांचे हात पांढरे पडले होते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त डिलिव्हरीवाल्याकडे एकदा बघून घेतलं.

यथावकाश दोन क्लाउनफिश आले. घरी येणारं प्रत्येक मूल काचेला नाक लावून "निमो!" असं ओरडतं. साडू प्रत्येकाला "ऑसेलारिस" म्हणून दुरुस्त करतात. २००३ साली एक चित्रपट निघाला आणि जगातल्या सगळ्या क्लाउनफिशांचं एकच नाव पडलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. पण भाच्याला त्याच चित्रपटातली डोरी हवी होती, आणि बाप शेवटी बाप असतो. ब्लू टँग आला. हा मासा दिसायला राजबिंडा आणि प्रकृतीने नाजूक. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घराजवळून जरी गेला तरी तो ह्याला आधी होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी टँगच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके उठले. आईंनी चष्मा लावून बघितलं. "मीठ लावून ठेवलास काय रे? हळद खंय आसा?"

इथे यूव्ही स्टरलायझर घरात आला.

तसा यूव्ही मराठी घराला नवा नाही. ओट्यावरच्या पाण्याच्या यंत्रात तो कित्येक वर्षं निळा डोळा लावून बसलेला आहे. २०२० साली तर लोकांनी पेटीत घालून मोबाइल, नोटा, किल्ल्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या ह्या किरणांखाली शेकल्या. साडूंच्याकडची ती पेटी अजून आहे. मेहुणी तिच्यात शिवणाचं सामान ठेवते. तेव्हापासून त्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे की जे निळं चमकतं ते निर्मळ करतं.

टँकच्या यूव्हीत एक लांबट नळकांडं असतं, आत क्वार्ट्झच्या नळीत दिवा, आणि दिव्याभोवतून पाणी फिरतं. साधी काच हे किरण अडवते म्हणून क्वार्ट्झ. किरण २५४ नॅनोमीटरचे. ते जंतूच्या डीएनएची अशी काही गुंतागुंत करून ठेवतात की त्याला पुढे प्रजा होत नाही. साडूंनी हे खुर्चीतून उठून, हातवारे करून समजावलं. "म्हणजे मारत नाय, निर्वंश करता," आई म्हणाल्या. मालवणी माणसाला असले बारकावे पटकन कळतात.

"पण अरे," मेहुणीने विचारलं, "जंतू मारायचेच होते तर बाटलीतले विकत कशाला आणले?"

प्रश्न बिनतोड होता. मला तो सुचला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. पण साडू तयारीचे. ते म्हणाले, चांगले जिवाणू दगडाला धरून असतात, ते जागा सोडत नाहीत. यूव्हीत सापडतात ते पाण्यात मोकळे भटकणारे.

"म्हणजे घरात बसतात ते चांगले आणि बाहेर भटकतात ते वाईट?"

"तसंच काही नाही, पण साधारण..."

"मी कधीपासून ह्यांच सांगतंय," सोफ्यावरून आवाज आला.

आता ह्या यंत्राची गोम सांगतो, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यातून झालं. यूव्ही कुठेही जात नाही. जंतूने त्याच्याकडे जायचं असतं. शिवाय नुसतं जाऊन भागत नाही, तिथे पुरेसा वेळ थांबावं लागतं. पाणी फार जोरात सोडलं तर पंढरपुरात आषाढीला नुसतं मुखदर्शन घेऊन निघालेल्या माणसाचं जे होतं तेच जंतूचं होतं: गेला, दिसलं, बाहेर पडला, होता तसाच आहे. पाणी फार हळू सोडलं तर आत गेलेला प्रत्येक जंतू जायबंदी होतो, पण तेवढ्या वेळात टँकमध्ये त्याची भावंडं दुप्पट झालेली असतात. ह्या दोहोंच्या मधली गती शोधण्यात साडूंचे अनेक रविवार गेले. नळाची चावी पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. बाथरूममधला नळ गेली दोन वर्षं गळतो आहे.

आणि ठिपक्यांचा किडा तर पक्का मुरलेला. काही दिवस माशाच्या कातडीखाली राहून खातो-पितो. तिथे यूव्ही काय करणार? मग माशाला सोडून वाळूत नाहीतर दगडावर कोश करून बसतो. तिथेही यूव्ही पोचत नाही. कोशातून शेकड्यांनी पिल्लं सुटतात, तीही बहुतेक अंधारात, पहाटेच्या सुमाराला, जेव्हा मासे त्याच दगडांच्या खोबणीत झोपलेले असतात. एखाद्या दिवसात मासा सापडला नाही तर पिल्लू मरतं. म्हणजे त्याला दोन पर्याय असतात. वितभर अंतरावर झोपलेला टँग, किंवा काठावरून खाली वाहणारं पाणी पकडून, पाइपातून उतरून, कपाटातल्या पंपात शिरून, पंचवीस वॅटच्या दिव्यापुढे हजेरी लावणं. काही पिल्लं बिचारी चुकून दुसरा पर्याय निवडतातही. त्यांच्या जिवावर यूव्ही विकला जातो.

पण झालं असं, की यूव्ही लावल्यावर चौथ्या दिवशी टँगच्या अंगावरचे ठिपके नाहीसे झाले. ते त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे कोश करायला खाली गेले होते. साडूंनी पेढे वाटायचं ठरवलं. मिळाला मालवणी खाजा, पण वाटला. पुढच्या पंधरवड्यात ठिपके आपल्या पोराबाळांसह परत आले. साडूंनी दिव्याला दोष दिला आणि दुप्पट वॅटचा घेतला. पुढे मासे स्वतःच्या प्रतिकारशक्तीने थोडेफार सावरले, श्रेय नव्या दिव्याला गेलं, आणि जुना दिवा शिवणाच्या सामानाशेजारी गेला.

ह्या दिव्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. वर्षभराने, म्हणजे आठ-नऊ हजार तासांनी, त्याचे जंतुनाशक किरण मंदावतात, पण निळा प्रकाश तसाच राहतो. त्या वेळी तो नुसता उजेड पाडत असतो. आमच्या ऑफिसात असे चार-पाच आहेत, पण तो वेगळा विषय.

खरा दर्दी टँककडे बघत नाही, तो आधी खालचं कपाट उघडतो. साडूंच्या समुद्राचं कपाट उघडलं की तिथे पंप, पाइप, स्किमर, वायरींची जुडी आणि एकाला एक लावलेले सात-आठ प्लग दिसतात. आलेला पाहुणा वर मासे बघत "वा, छान" म्हणत असतो आणि साडू खाली उकिडवे बसून "हे बघा" म्हणत असतात. स्किमर हे त्यातलं सगळ्यात गुणी यंत्र. ते पाण्यात बारीक फेस काढतं आणि फेसाबरोबर माशांची घाण वरच्या कपात आणून टाकतं. कप दोन-तीन दिवसांनी धुवावा लागतो. त्याच्या वासाचं वर्णन मी करणार नाही. दिवाळी अंकातही हा लेख जाऊ शकतो. पण खाडीला दुसरी शाखा काढायची झाली तर तिथून काढता येईल.

मग पाणी पिवळं दिसायला लागलं. मला दिसलं नाही, मेहुणीला दिसलं नाही. भाच्याने एकदा हो म्हटलं, पण त्याला बाहेर खेळायला जायचं होतं. साडूंनी टँकमागे पांढरा कागद धरून पुराव्याने सिद्ध केलं. अन्न, विष्ठा, शेवाळ ह्यांतून पाण्यात उतरणारे काही पदार्थ असतात, त्यांनी ती छटा येते. त्यावर उपाय ओझोन.

ओझोनची साडूंना इतिहासापासून माहिती आहे. १८३९ साली बाझेलमध्ये शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातून वीज सोडली, त्याला एक चमत्कारिक वास आला, आणि तो त्याच्या मागे लागला. १९०६ पासून फ्रान्समधल्या नीस शहराचं पिण्याचं पाणी ओझोनने शुद्ध व्हायला लागलं. १९१०मध्ये मार्सेयमध्ये यूव्हीचा प्रयोग झाला. हे सगळं साडू चहाबरोबर सांगतात. मी फक्त एवढंच म्हटलं की ही दोन्ही शहरं भूमध्य समुद्राकाठी आहेत. तरी तिथल्या लोकांनी नळाचं पाणी धुतलं आणि समुद्र होता तसा राहू दिला. त्यानंतर बिस्किटं आली नाहीत.

ओझोनचं यंत्र हवेतून विजेच्या ठिणग्या काढतं आणि प्राणवायूचा ओझोन करतं. तो स्किमरमध्ये सोडायचा, म्हणजे तिथे तो पाण्यातला पिवळेपणा जाळतो. पण यंत्राला कोरडी हवा लागते. हवेत ओल असली की ओझोन कमी तयार होतो आणि वर नायट्रिक ॲसिड होऊन यंत्र आतून खराब होतं. कोरडी हवा, ठाण्यात! त्यासाठी सिलिकाच्या मण्यांची नळी मिळते. मणी ओल शोषतात, नारंगीचे हिरवे होतात, मग ते ओव्हनमध्ये भाजून पुन्हा नारंगी करायचे. पाकिटावर हिशेब छापलेला असतो, तो बहुधा ॲरिझोनातला. आपल्याकडे जुलैत मणी सकाळी भाजावे, संध्याकाळी हिरवे. मेहुणीने नानकटाईसाठी म्हणून घेतलेला ओव्हन आता मण्यांना लागला आहे. एकदा तिने अंधारात हात घालून... पण तो किस्सा तिने सांगू नको म्हटलं आहे.

ओझोन रबर खातो, म्हणून नळ्या सिलिकॉनच्या लागतात. समुद्राच्या पाण्यातल्या ब्रोमाइडशी त्याची प्रक्रिया होऊन माशांना त्रासदायक पदार्थ होतात, म्हणून पाणी बाहेर पडताना कार्बनमधून गाळावं लागतं. हवा बाहेर पडतानाही कार्बनमधूनच, कारण ओझोन फुप्फुसांना वाईट. कामाच्या जागी हवेत कोटी भागांत एक भाग ही त्याची मर्यादा मानतात. त्याहून कमी असतानाच नाकाला तो कळतो, हे आपलं नशीब. साडूंच्या घरी तो सगळ्यात आधी कळतो आईंना. पापलेट काल रात्रीचं की आज सकाळचं, हे टोपलीचं फडकं काढायच्या आधी सांगणारं ते नाक. "झेरॉक्सचो वास येता," त्या स्वयंपाकघरातून म्हणतात. साडू कपाट उघडून बघतात तर कार्बन संपलेला असतो. बाझेलला त्या काळी आई असत्या तर शोनबाइनला इतका खटाटोप पडला नसता.

ओझोन किती सोडायचा हे ठरवायला ओआरपीचा मीटर. पाणी किती 'जळतं' आहे ते तो मिलिव्होल्टमध्ये सांगतो. खऱ्या समुद्रात साडेतीनशे-चारशेच्या आसपास. आकडा ठरलेल्या रेघेवर गेला की कंट्रोलर ओझोन बंद करतो. साडू सकाळी उठून दोन आकडे बघतात, सेन्सेक्स आणि ओआरपी. सेन्सेक्स पडला तर त्यांना फरक पडत नाही, कारण त्यात त्यांचे पैसे नाहीत. ते सगळे समुद्रात आहेत. माशांना खायला घातलं की ओआरपी पडतो. टँकमध्ये हात घातला की पडतो. म्हणून आता हात घालायला बंदी आहे, आणि खायला घालताना साडू मनातून जरा कष्टी असतात. भाच्याने एकदा विचारलं, मासे शी करायचे थांबले तर आकडा किती वर जाईल? साडूंनी त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. आपला मुलगा वळणावर येतो आहे, असं वाटलं असावं.

एक गंमत मात्र आहे. सूर्यातले २५४ नॅनोमीटरवाले किरण जमिनीवर पोचत नाहीत, कारण वर आकाशात ओझोन त्यांना गिळून टाकतो. आणि यूव्हीच्या ह्याच किरणांनी पाण्यात उरलेला ओझोन मोडतो. मोठमोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत त्यासाठी मुद्दाम असे दिवे लावतात. आकाशातलं हे जुनं भांडण साडूंनी तीन फुटी कपाटात आणून ठेवलं आहे, आणि दोघांची विजेची बिलं ते स्वतः भरतात.

मे महिन्यात त्यांनी एक नवा मासा आणला आणि ठिपके परत आले. यूव्ही चालू, ओझोन चालू, ओआरपी तीनशे ऐंशी, पाणी इतकं नितळ की टँक रिकामा वाटावा. आणि त्या नितळ पाण्यात पांढरे ठिपके घेऊन तीन जातींचे मासे फिरताहेत, स्वच्छ दिसताहेत. दुकानातल्या जुन्याजाणत्या माणसाने सांगितलं, साहेब, ह्याला मशीन नाही. सगळे मासे बाहेर काढा, वेगळ्या टँकमध्ये तांब्याचं औषध द्या, आणि मोठ्या टँकमध्ये अडीच महिने, शहात्तर दिवस, एकही मासा सोडू नका. किड्याला खायला मिळालं नाही की वंश संपतो. उपाशी ठेवायचं हे औषध फार जुनं असून फुकट आहे, हे ऐकून साडूंचा चेहरा उतरला.

मासे भाच्याच्या अभ्यासाच्या टेबलावर गेले. प्लॅस्टिकच्या पाइपांचे तुकडे टाकलेल्या उघड्याबोडक्या टाकीत ते राहू लागले, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर अभ्यास न करायला भाच्याला सबळ कारण मिळालं. मोठ्या समुद्रात राहिल्या गोगलगायी आणि एक कोळंबी, कारण तांबं त्यांना सोसत नाही आणि ठिपक्यांचा किडा त्यांच्या वाटेला जात नाही. "एकच सुंगट?" आई म्हणाल्या. "तेचा काय होतला?" बाहेर खऱ्या समुद्रात एक जूनपासून मासेमारी बंद. बाजारात बर्फातलं पापलेट सोन्याच्या भावात. आई रोज दुपारी अभ्यासाच्या टेबलासमोर खुर्ची घेऊन बसू लागल्या. साडूंना वाटलं, आईला मासे आवडायला लागले. तो समज खोटा नव्हता.

ह्या काळात मी गेलो तेव्हा दिवाणखान्यात सगळी यंत्रं सुरू होती. चिलर घुमत होता, त्याला एसी उत्तर देत होता, यूव्हीचा निळा उजेड कपाटाच्या फटीतून येत होता, आणि समोर सव्वातीनशे लिटर निव्वळ पाणी. साडूंनी माझा हात धरून मीटरपाशी नेलं. "बघा," ते म्हणाले, "इतका स्थिर ओआरपी आजवर कधी आला नव्हता. रेष हलतच नाही!"

"मासे नाहीत ना," मी म्हटलं.

"तेच तर," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा माशांबद्दल किंचित तक्रार होती.

शहात्तरावा दिवस मेहुणीने कालनिर्णयवर गोल करून ठेवला होता, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. तारखेखाली छापलं होतं, दीप अमावास्या. म्हणजे गटारी. त्या दिवशी सकाळी तिने समया, निरांजनं चिंच लावून घासली, पाटावर मांडली. साडूंनीही यूव्हीतली क्वार्ट्झची नळी काढली, व्हिनेगरने चकचकीत केली आणि वाळायला त्याच पाटाच्या कडेला ठेवली. आईंनी सगळ्या दिव्यांबरोबर तिलाही हळदकुंकू लावलं. मग भाचा जाळी घेऊन आतल्या खोलीकडे निघाला.

"गटारीक घरात मासे येतले, ह्यां बरां झालां," आई उठता उठता म्हणाल्या. "तिरफळां आसत मां घरात?"

साडूंची नजर मीटरवर होती. "आहेत की," ते म्हणाले.